तोंड उघडून 'व्हय' म्हणा

सोलापुरात आमच्या घरात सगळीच माणसं मोठ्यानं बोलत. नवा माणूस आला की त्याला वाटे, इथं भांडण पेटलंय. दोष आमचा नव्हता, भिंतीचा होता. भिंतीपलीकडे तेलुगू बोलणाऱ्या एका कुटुंबाचे यंत्रमाग होते, आणि सकाळी मिलचा भोंगा झाला की त्यांची जी खडखड सुरू होई ती दिवेलागणीपर्यंत. आमच्या फळीवरचे पितळेचे डबे दिवसभर बारीक थरथरत, आणि पाण्याच्या तांब्यात बघितलं तर पाणीही थरथरताना दिसे. इतकं असून तो आवाज आम्हाला कधी ऐकू येत नसे. ऐकू येई ती वीज गेल्यावरची शांतता. वीज गेली की माग एकदम गप्प होत आणि आपण किती ओरडून बोलतोय हे सगळ्यांना एकदमच कळे. अर्धं वाक्य किंचाळून म्हटलेलं असे आणि उरलेलं अर्धं कुजबुजत पुरं करावं लागे. पुढच्या गल्लीत वडिलांची, म्हणजे अप्पांची, पिठाची गिरणी होती, तीही तेव्हाच बंद पडे, आणि मग भुवयांवर पीठ घेऊन अप्पा चहाला घरी येत. आता मी मुलाकडे मोठ्या शहरात राहते, तिथं भिंतीपलीकडे कोण राहतं हेही मला माहीत नाही. पण लाइट गेली की माझं लक्ष अजून दाराकडेच जातं.

घरात अप्पा, अव्वा म्हणजे आमची आई, थोरली बहीण शांताक्का, मी, माझ्या पाठचा चन्नू आणि नीलव्वा आत्या. आत्या अप्पांची मोठी बहीण. तिला अक्कलकोटकडच्या एका खेड्यात दिलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा अप्पा जाऊन तिला घेऊन आले. येताना तिनं एक पत्र्याची पेटी आणली आणि डोक्यात अगणित गोष्टी आणल्या. राग आला की ती कन्नडात बोले, माया दाटून आली की कन्नडात बोले, आणि मधल्या वेळी मराठीत. मधला वेळ तिच्याकडे फारच कमी असे.

आमच्याकडे शेंगांचं पोतं कधी रिकामं नसायचं. दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या त्या वर्षी तेवढं ते रिकामं झालं होतं, आणि अव्वा ते घडी घातलेलं पोतं बघून डोळे पुसायची. एरवी मात्र शेंगांची चटणी उखळात कुटली जायची, तेल सुटून ती लाल चमकायला लागली की त्यावर कडक भाकरी मोडून खायची. सणावाराला शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरलेली शेंगापोळी व्हायची. या सगळ्यासाठी शेंगा फोडायचं काम आम्हा पोरांचं. आणि घोटाळा तिथंच व्हायचा, कारण आम्ही फोडलेल्या शेंगांपैकी निम्म्या बुट्टीत, म्हणजे टोपलीत, पडत आणि निम्म्या पोटात. अव्वा ओरडून थकली. मग आत्यानं ते काम आपल्याकडे घेतलं आणि गोष्टी सांगायला सुरुवात केली. गोष्ट ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं, ही रीत तर सगळीकडचीच आहे. पण 'हूं' तोंड मिटूनही म्हणता येतो, आणि गालात शेंगदाणे असले तर उलट जरा घुमून छानच येतो, हा शोध चन्नूनं लावला. चार दिवस त्यानं असे गोल गोल हुंकार दिले की आत्या भारावून म्हणाली, "किती मन लावून ऐकतंय गं लेकरू!" पाचव्या दिवशी त्याला ठसका लागला आणि दाणे थेट आत्याच्या पदरात उडाले. त्या दिवसापासून आमच्या घरात 'हूं' बंद झाला. "माझ्या गोष्टीला हूं चालायचा न्हाय," आत्यानं जाहीर केलं. "तोंड उघडून व्हय म्हणायचं. दात दिसले पायजेत मला." ज्याचा 'व्हय' मोकळा तो निर्दोष, ज्याचा अडखळला त्याचा कान आत्याच्या हातात. अप्पा म्हणायचे, पोलिसात सुद्धा इतकी सोय नसेल.

आणि गंमत बघा, आम्ही चोरी करू नये म्हणून ती ज्या गोष्टी सांगायची त्या सगळ्या चोराच्याच. तिच्या चोराचं नाव चिक्या. चिक्क म्हणजे कन्नडात लहान. हा चिक्या दिसायला एवढासा, पण राजाला त्यानं जेरीला आणलेलं. राजानं साऱ्या गावाला कोरडे तांदूळ चघळायला दिले, कारण चोराचं तोंड भीतीनं सुकतं आणि तांदूळ कोरडेच राहतात; चिक्यानं जिभेखाली चिंचेचं बुटूक धरलं आणि सगळ्यांत ओला तांदूळ त्याचाच निघाला. राजानं आपल्या लाडक्या गाईच्या गळ्यात घंटा बांधली. चिक्यानं ती सोडून प्रधानाच्या कुत्र्याला बांधली, आणि सगळं सैन्य कुत्र्यामागं पळालं. चोर शोधायला माणसं निघाली की सगळ्यात पुढे मशाल धरून चिक्याच असायचा, आणि "धरा, धरा!" म्हणून सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडायचा. आम्ही हसून गडाबडा लोळायचो. आत्याची ताकीद असायची, "हात थांबला की चिक्या बी थांबतोय बगा," म्हणून लोळता लोळताही आम्ही शेंगा फोडायचो. अव्वाला हे पसंत नव्हतं. "एकदा तरी धरा की हो त्याला," ती चुलीपाशी बसून म्हणायची, "पोरांना काय वळण लागंल?" आत्या शांतपणे म्हणे, "धरला तर गोष्ट संपली की गं बाई. मग ह्या शेंगा कोण फोडणार?"

आमच्यात सगळ्यात जास्त हसायची ती शांताक्का. तिचं हसणं म्हणजे एक प्रकरणच होतं. ते आधी खांद्यात यायचं, मग डोळ्यात, आणि मग असं फुटायचं की मागांच्या खडखडीवर ऐकू जायचं. आनंद झाला तर हसायचीच, पण घाबरली तर जास्त हसायची. ही मात्र गमतीची गोष्ट राहिली नव्हती. तिला बघायला पाहुणे आले की ती घाबरायची, घाबरली की हसायची, आणि पाहुणे म्हणायचे, "बरं, कळवतो." 'कळवतो' याचा अर्थ सोलापुरात लहान पोरालाही ठाऊक होता. एका बाईनं तर जाता जाता अव्वाला सांगितलं होतं, "पोरगी देखणी हाय, पर हसती बगा. घरंदाज घरात असं चालत न्हाय." त्या दिवशी अक्का गच्चीवर जाऊन रडली आणि खाली आल्यावर चन्नूचं तोंड बघून पुन्हा हसली. अव्वा कपाळाला हात लावून बसली.

मग मंगळवेढ्याचं स्थळ आलं. मुलगा राजशेखर, शाळेत मास्तर. वडील शिवलिंगप्पा, काळ्या रानात ज्वारी पिकवणारे, बोलायला कमी आणि मानाला मोठे. हे स्थळ आपण होऊन आलं होतं, कारण कुणाच्या तरी लग्नात राजशेखरनं अक्काला पाहिलं होतं; आणि आम्हाला कळलं होतं ते असं की पाहिलं म्हणण्यापेक्षा आधी हसताना ऐकलं होतं आणि मग मान वळवून पाहिलं होतं. अक्कानंही त्याला पाहिलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण ती आठवडाभर भाकऱ्या करपवत होती, त्यावरून आम्हाला समजलं. तिला हेच स्थळ हवं होतं. आणि अडचण एकच होती: मुलाची आई गंगव्वा. त्या घरात होकार शिवलिंगप्पांनी द्यायचा, पण तो गंगव्वाच्या चेहऱ्याकडे बघून, असं मध्यस्थानं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे अव्वा अक्काला सकाळ-संध्याकाळ एकच गोष्ट सांगत होती, "बाई गं, तेवढा अर्धा तास हसू नको. मग जन्मभर हस."

पाहुणे दुपारच्या एसटीनं येणार होते. पण गावाकडून मोंढ्यात ज्वारी घेऊन येणारा एक ट्रक त्यांना वाटेत भेटला, आणि मंडळी सकाळीच दारात हजर झाली. अप्पा गिरणीत, अक्का पिठाच्या हातानं, अव्वाचा पदर खोचलेला, आणि मागच्या दारापाशी सुपात शेंगापोळ्यांची चवड निवत ठेवलेली. अव्वानं त्या मंद आचेवर अशा भाजल्या होत्या की बोट लावलं तरी कुडकन मोडाव्यात. धावपळ उडाली. चन्नू अप्पांना बोलवायला पळाला आणि निरोप घेऊन आला, "पट्ट्यावर दळण हाय, एवढं उतरवून आलोच." मी पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दिलं. आधी गंगव्वा मागच्या दारी जाऊन आल्या, मग राजशेखर, आणि शेवटी शिवलिंगप्पा. ते जरा सावकाश आले. अंगात लांब काळा कोट, डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. असा भारदस्त माणूस मी तोवर जवळून पाहिला नव्हता. बसल्या बसल्या गंगव्वांनी सांगून टाकलं, "ह्यांना गोड अजिबात न्हाय हां. डॉक्टरनं बंद केलंय. च्या बी बिनसाखरंचा." शिवलिंगप्पांनी डोळे मिटून मान हलवली, जणू संसारातली सगळीच गोडी त्यांनी कधीच सोडून दिली होती.

एवढ्यात स्वयंपाकघरातून अव्वानं मला हाक मारली. तिचा आवाज वेगळाच होता. सुपातली पोळ्यांची चवड निम्मी झाली होती. "चन्नू," एवढंच ती म्हणाली. चन्नूनं शपथ घेतली, सिद्धेश्वराची घेतली, अव्वाची घेतली, शाळेची घेतली. अव्वानं त्याचा कान धरला. "तुझ्याबिगर दुसरं कोण हाय रं ह्या घरात? आता पाव्हण्यांच्या पुढं काय ठिवू, माझं डोस्कं?" आणि आत्याकडे वळून ती म्हणाली, "हे तुमच्या चिक्याचं पुण्य हाय. आजपास्नं ह्या घरात चोराची गोष्ट बंद." आत्याचं तोंड एवढंसं झालं. मी आत्याला अप्पांवर चिडताना पाहिलं होतं, देवावर चिडताना पाहिलं होतं, पण असं गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "चोर घरातलाच असंल तर मी धरून देते. न्हाय धरला तर गोष्ट बंद. तू कणीक मळ." पोळ्या पुन्हा करायच्या तर सारणाला शेंगा हव्या होत्या. आत्यानं भाजलेल्या शेंगांची बुट्टी उचलली, मला आणि चन्नूला दंडाला धरलं, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, पाहुण्यांना दिसू अशी ती आम्हाला घेऊन बसली.

"अप्पा येस्तवर पोरांना जरा कामाला लावते," ती पाहुण्यांना मोठ्यानं म्हणाली, "तुमाला राग न्हाय ना?" गंगव्वांनी नाही म्हटलं. आणि शिवलिंगप्पांनी, शेंगा बघताच, बुट्टी चक्क आपल्याकडे ओढली. रानातल्या माणसाला रिकामं बसवत नाही. त्यांनी दोन बोटात शेंग धरून अशी टचकन फोडली की आम्ही बघतच राहिलो. आत्यानं गोष्ट सुरू केली. एकदा काय झालं, चिक्यानं राजाच्या मुदपाकखान्यातून पक्वान्नाचं ताट उचललं. "व्हय," मी म्हणाले, दात दाखवून. "व्हय!" चन्नू इतका मोठा जबडा उघडून म्हणाला की त्याची पडजीभ दिसली. आत्यानं वाकून आत पाहिलं. स्वच्छ होतं. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि लगेच दुसऱ्या आल्या, कारण चन्नू नाही तर मग कोण?

"हूं," शिवलिंगप्पा म्हणाले.

आत्यानं मान वळवली. "पाव्हणं, आमच्यात व्हय म्हणत्यात. रीत हाय."

"हूं," शिवलिंगप्पा पुन्हा म्हणाले, अगदी गंभीरपणे, आणि उपरण्यानं तोंड पुसलं. आवाज जरा घुमून आला होता. छानच आला होता. चन्नूनं माझ्याकडे पाहिलं. तो हुंकार ज्यानं शोधून काढला त्याला तो ओळखू येणार नाही तर कुणाला? मग मी ते उपरणं नीट पाहिलं. ते दर थोड्या वेळानं कोटाच्या आतल्या खिशाकडे जात होतं आणि तिथून तोंडाकडे. जबडा सावकाश, मोठ्या मानानं हलत होता, आणि पलीकडचे माग त्याचा सगळा आवाज गिळत होते. शेजारीच बसलेल्या गंगव्वांना काही पत्ता नव्हता. हसू आवरता आवरता मी शेंगेऐवजी बोटच दाबलं. आत्याचा चेहरा मात्र देवासारखा स्थिर. ती गोष्ट पुढे नेत होती: राजाच्या शिपायानं रात्रीतून चिक्याचं घर हेरलं, दारावर चुन्यानं फुली मारली, म्हणजे सकाळी येऊन नेमकं धरता येईल. आता चिक्या कसा सुटणार?

"हूं?" शिवलिंगप्पांनी विचारलं. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

आणि त्याच वेळी आतून अक्का पाण्याचे पेले घेऊन आली. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले, पेले थरथरत होते ते मागांमुळे की तिच्या हातांमुळे, कोण जाणे. राजशेखर सावरून बसला. गंगव्वा तिला वरपासून खालपर्यंत बघू लागल्या. सगळं ठीक चाललं होतं.

तेवढ्यात वीज गेली.

माग थांबले. फळीवरचे डबे थांबले. गल्ली गप्प झाली. आणि त्या शांततेत, भर बैठकीत, शिवलिंगप्पांच्या तोंडातून स्पष्ट आवाज आला: कुड्डुम.

"कसला आवाज वो?" गंगव्वांनी विजेसारखी मान वळवली. शिवलिंगप्पा गोठले होते. एक गाल फुगलेला, डोळे मोठ्ठे, उपरणं अर्ध्या वाटेवर. तो भारदस्त माणूस त्या क्षणी चन्नूच्याच वयाचा दिसत होता. मला आजही वाटतं, आत्यानं त्या वेळी बोट दाखवलं असतं तर चन्नू सुटला असता, तिच्या गोष्टी वाचल्या असत्या, अव्वाला तोंडात बोट घालावं लागलं असतं. आणि अक्काचं लग्न तिथंच मोडलं असतं.

आत्यानं बुट्टीतून मूठभर दाणे उचलले, तोंडात कोंबले आणि मोठ्यानं चावले. कुडुम, कुडुम. "मीच की वो," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "गोष्ट अडली की तोंड चालवायचं, आमच्यात तशीच रीत हाय. घ्या, घ्या, समद्यांनी घ्या." तिनं एक मूठ मला दिली, एक चन्नूला, एक राजशेखरला, आणि एक गंगव्वांच्या ओंजळीत ओतली. इतकी वर्षं ज्या बाईनं एका दाण्यासाठी आमचे कान पिळले तीच दाणे वाटत सुटली होती. आम्ही क्षणभर खुळ्यासारखे बघत राहिलो, आणि मग मला उमगलं. ती चिक्यासारखी दारांवर फुल्या मारत होती. एकाच दारावरची खूण लपत नाही, म्हणून साऱ्या गावाची दारं रंगवत चालली होती. मी सगळे दाणे एकदम तोंडात टाकले. चन्नूनंही टाकले. राजशेखरनं वडिलांकडे एकदा पाहिलं, आत्याकडे एकदा पाहिलं, आणि मास्तर असूनही त्यानं तोंड भरून घेतलं. नाइलाजानं गंगव्वाही चावू लागल्या. सगळी बैठक कुडकुड वाजायला लागली, आणि त्या गर्दीत शिवलिंगप्पांनी आपला घास सुखरूप चावायला घेतला.

अक्का हे सारं उभ्यानं बघत होती. आधी तिचे खांदे हलले. मग डोळे. मी मनात सिद्धेश्वराचा धावा केला. काही उपयोग झाला नाही. ती फुटली. माग बंद असल्यानं ते हसणं अडवायला काहीच नव्हतं; ते बैठकीतून अंगणात गेलं, अंगणातून गल्लीत गेलं, आणि पलीकडचे विणकर खिडकीत आले. पेल्यातलं पाणी गंगव्वांच्या पायांवर सांडलं. गंगव्वांनी चावणं थांबवलं. पाय झटकले, पदर ओढून घेतला.

"पोरगी लई हसती की," त्या म्हणाल्या. आणि उठता उठता तो शब्द आलाच. "बरं. कळवतो आमी."

नेमके तेव्हाच अप्पा दारात आले. भुवयांवर पीठ, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी आणलेलं हसू. त्यांनी 'कळवतो' ऐकलं आणि ते हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला. अक्काचं हसणं थांबलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि या वेळी ती राजशेखरकडे सरळ बघत होती. माझ्या तोंडातले दाणे तसेच राहिले.

"पाव्हणं," आत्या म्हणाली. ती गंगव्वांशी बोलत नव्हती, शिवलिंगप्पांशी बोलत होती. "गोष्ट अर्धी टाकून जाऊ नये. ऐका तेवढी. सकाळी राजा आला. बगतोय तर काय, साऱ्या गावच्या दारांवर फुल्या! राजवाड्याच्या दारावर सुद्धा फुली. मग तितं एक वडीलधारं माणूस बसलं हुतं. राजा त्याला म्हणाला, आता तुमीच सांगा. कुणीतरी ह्या चिक्याला सांभाळून घेतलंय. त्यानं बी आता कुणाला सांभाळून घ्यायचं का न्हाय?"

आत्या शिवलिंगप्पांकडे बघत होती, ते आत्याकडे बघत होते. अप्पांना यातलं काडीचंही कळत नव्हतं. त्यांना फक्त आपली पोरगी दिसत होती. "अवो, पर आमच्या शांताचं काय?" ते एकदम बोलले. "पसंत हाय का न्हाय तुमाला?"

"हूं!" शिवलिंगप्पा म्हणाले.

असा हूं मी जन्मात ऐकलेला नाही. पोटातून आला होता. गंगव्वा वळल्या. "काय हूं? हूं म्हंजे काय? तोंड उघडून नीट सांगा की!"

तोंड उघडणं तेवढं शक्य नव्हतं. घास अजून तिथंच होता, गूळ लावलेला, भरगच्च. शिवलिंगप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झाली. तेव्हा आमची नीलव्वा आत्या, जिनं त्या एका अक्षराला घरात थारा दिला नव्हता, ती हात जोडून गंगव्वांना म्हणाली, "ताई, आमच्यात हूं म्हंजे व्हयच. पैल्यापास्नं. विचारा पोरांना."

"व्हय!" मी आणि चन्नू ओरडलो. दाणे उडाले, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

"व्हय," राजशेखर म्हणाला. त्यानं आपला घास कधीच गिळून ठेवला होता. आईकडे वळून तो हळूच म्हणाला, "अव्वा, मी ते हसणं ऐकूनच हितं आलोय गं." गंगव्वांनी मुलाकडे पाहिलं, नवऱ्याच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं, आणि परत खाली बसल्या. "बापलेकानं ठरवूनच आणलंय मला," त्या पुटपुटल्या. मग अक्काला म्हणाल्या, "ये, बस हितं. आणि पाणी दुसरं आण बाई, हे समदं माझ्या पायावर वतलंस." एवढं म्हणताना त्यांच्याही ओठांचा कोपरा जरा हलला होता, असं अक्का अजून छातीवर हात ठेवून सांगते.

बाहेर काय ठरलं ते न कळलेली अव्वा, सारणाच्या शेंगांची वाट बघून, शेवटी स्वयंपाकघरातून उरलेल्या पोळ्याच घेऊन आली. लग्न ठरल्याचं कळताच ती ताट घेऊन तशीच पुढे आली. तिनं पहिली पोळी शिवलिंगप्पांपुढे धरली. गंगव्वांनी मध्येच हात घातला. शिवलिंगप्पांनी घास शेवटी गिळला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि डोळे मिटून म्हणाले, "नको. आमाला गोड वर्ज्य हाय." आत्यानं पदराचा बोळा तोंडात घातला. अक्का तर स्वयंपाकघरात पळाली, आणि तिथून जो आवाज आला त्याला आता कुणी काही म्हणू शकत नव्हतं. माग पुन्हा सुरू झाले ते त्यानंतरच.

पाहुणे गेले. अप्पा गिरणी तशीच उघडी टाकून आले होते, ते आनंदानं तिकडे पळाले. आणि अव्वानं सूप झटकता झटकता तो विषय काढला. "एवढं ग्वाड झालं, पर चोर काय गावला न्हाय. वन्सं, ठरल्याप्रमाणं तुमची गोष्ट बंद." खरा चोर आत्यानं सांगितला नाही. सांगणार तरी कसा? अव्वाच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नसे. तिला आज सांगितलं असतं तर लग्नाआधीच ती हसत हसत गंगव्वांना सांगून मोकळी झाली असती, आणि शिवलिंगप्पांनी तो मान पुन्हा कुठून आणला असता? आत्या शेंगांची फोलपटं गोळा करत राहिली. तिच्या गोष्टी गेल्या होत्या. मी रडायच्या बेताला आले.

"अव्वा," चन्नू उठून म्हणाला, "चोर गावलाय की. मीच हाय."

"खरं?" अव्वानं त्याचा कान धरला. "पोळ्या तूच खाल्ल्यास?"

चन्नूनं आत्याकडे पाहिलं. मग आत्याच्या नियमाप्रमाणे, सगळे दात दिसतील असा मोठा आ केला. "व्हय!"

पडजिभेपर्यंत स्वच्छ तोंड होतं. अव्वानं त्याला दोन धपाटे घातले, आणि चोर गावला म्हणून आत्याच्या गोष्टी चालू ठेवायला कबूल झाली. आत्यानं चन्नूला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खूप काही बोलली, सगळं कन्नडात. मग आपल्या वाटणीची पोळी मोडून तिनं त्याच्या त्या उघड्या तोंडात घातली.